शिंपल्याला कोणी जागं केलं?

गार खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेला शिंपला पुन्हा जागा झाला, आणि डॉ. कालिंदी सबनीस यांना मनस्वी राग आला. बिघडलेलं यंत्र बिघडायला नकार देत असेल तर ते दुरुस्त करायचं तरी कसं?

शिंपला म्हणजे तेल भरलेली मऊ पिशवी आणि तिच्या आत एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड. खोल पाण्याचा दाब चारी बाजूंनी सारखा बसावा म्हणून टणक पेटीऐवजी पिशवी. अशाच दुसऱ्या शिंपल्याला गुरूच्या युरोपा या चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात, केबलनं सोडलं होतं. वर बर्फावरचं स्थानक त्याला मिनिटभर वीज देई, काही हालचाल नाही म्हणून बंद करी आणि पुन्हा देई. एकोणीस दिवस हेच चाललं होतं. शिंपला ढिम्म होता.

"उद्या पाच वाजता केबल तोडायचा आदेश जाईल," प्रकल्पप्रमुख वर्तक सरांनी सकाळीच सांगितलं होतं. "ती वीज स्थानकाला हवी आहे. माझा नाइलाज आहे."

कालिंदीची अकरा वर्षं त्या केबलच्या टोकाला लोंबकळत होती.

"बोर्डाच्या स्मृतीचं, मेमरीचं काही असेल?" दुपारी वर्तकांनी विचारलं.

"तिथवर गाडी पोचतच नसावी, सर. बोर्ड जागा होताना आधी घड्याळात असतो तसला स्फटिक थरथरायला लागतो. तोच त्याचा ठोका. मग स्मृतीकडून येणाऱ्या बत्तीस तारांपैकी कोणती ठोक्यामागे किती रेंगाळते ते बोर्ड मोजतो आणि तेवढं सांभाळून घेतो. ही तालजुळणी. ती दर मिनिटाला पुन्हा होते, कारण थंडीनं, दाबानं तारांचा वेग बदलतो. तिथे बोर्ड वीज घेतोय, पण अगदी थोडी. म्हणजे ठोकाच सुरू होत नाहीये."

"आणि इथला?"

"दोनशे बारा वेळा सुरू केला. दोनशे बारा वेळा जागा झाला."

वर्तक गेल्यावर तिनं त्या साऱ्या वेळच्या तालजुळणीच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या. प्रत्येक वेळी, अगदी पहिल्या नोंदीत, नऊ ते वीस क्रमांकाच्या तारा किंचित मागे पडत होत्या. मिनिटानंतरच्या नोंदीत सगळं सुरळीत. हे तिनं पूर्वीही पाहिलं होतं आणि गारठ्याच्या खात्यावर टाकून दिलं होतं. पण गारठा बाराच तारांना कसा वाजेल?

"मामा, पुन्हा एकदा चालू करा बरं," ती म्हणाली, आणि या खेपेला पडद्याकडे न बघता माणसाकडे बघत राहिली.

गुंडूमामा कुंभार प्रयोगशाळेचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांनी बाही सारली, टाकीत हात घातला, शिंपल्यावर तळवा टेकवला, दुसऱ्या हातानं बटण दाबलं आणि मग ओला तळवा छातीला लावला. शिंपला जागा झाला.

कालिंदी खुर्चीतून उठलीच. "आता हात न लावता."

"न लावता?" मामांचा चेहरा पडला. "बाई, यंत्राला हात न लावता सुरू करायचं व्हय? बरं दिसतंय का ते?"

"माझ्यासाठी एकदा!"

मामांनी तोंड वाकडं करून नुसतं बटण दाबलं. काही झालं नाही. तीस वेळा दाबलं, तरी काही नाही. एकतिसाव्या वेळी कालिंदीनं स्वतः तळवा टेकवला आणि शिंपला उठला. तिला हसू फुटलं, मग लाज वाटली. तीही हात लावूनच सुरू करायची. वर्तकही. इथे हात न लावता यंत्र सुरू करणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे हा दोष कोणाला दिसलाच नव्हता. तळव्यानं पिशवी दबे, तिची भिंत स्फटिकाजवळ सरके आणि अडून बसलेल्या स्फटिकाला तेवढा धक्का पुरे. एकदा थरथरला की तो थांबत नसे. तळव्याखालच्या बारा तारा मात्र तेवढ्यापुरत्या मागे पडत. तालनोंदीत चक्क मामांचा हात उमटला होता.

"म्हणजे तिथं हात लावाया कुनी न्हाई, एवढंच," मामा हळूच म्हणाले.

ती तडक वर्तकांकडे गेली. "सर, वीज चालू-बंद करू नका. उद्या पाचपर्यंत सलग राहू द्या. एखादा बर्फाचा तुकडा आपटला तरी पुरे, फक्त त्या क्षणी वीज हवी."

"एवढ्या मोठ्या समुद्रात? नेमका तिथेच?"

"आपलं काय जातंय?"

वर्तकांनी मान हलवली, पण आदेश पाठवला.

दुसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं असताना पडद्यावर ओळ उमटली. युरोपावरचा शिंपला जागा झाला होता. खोलीभर टाळ्या पडल्या. कालिंदीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"बर्फ पावला तुम्हाला," वर्तक खुशीत म्हणाले.

तिनं पहिली तालनोंद उघडली. बर्फ एका बाजूनं आपटतो. चार-पाच तारा मागे पडायला हव्या होत्या, निदान एका अंगाच्या तरी. इथे बत्तीसच्या बत्तीस मागे होत्या, सारख्याच.

"समुद्राचा दाब?" वर्तकांनी विचारलं.

"तो एकोणीस दिवस होताच, सर. त्यानं जागा व्हायचा तर केव्हाच झाला असता."

मिनिट झालं. दुसरी नोंद आली. आपटलेला तुकडा एव्हाना दूर गेला असता, पण बत्तीसही तारा अजून मागेच होत्या. तिसरी नोंदही तशीच. वर्तकांनी पाच वाजताच्या आदेशाचा कागद उचलला आणि फाडून टाकला.

गुंडूमामा पुढे झाले. त्यांनी ते आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग स्वतःचे दोन्ही तळवे जुळवून, त्यांत काही धरल्यासारखे, डोळ्यांसमोर आणून पाहिले.

"ह्ये हात टेकवणं न्हाई, बाई," ते म्हणाले. "वंजळीत धरलंय."