अंदाजे किती बसंल?

"माझ्या भावाला उद्या कोर्टात उभा करनारेत," अश्विनी म्हणाली, "आणि त्यानं नानांना बोटसुद्धा लावलेलं न्हाई."

अंबिका मुळेने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. नगरच्या सावेडीतलं तिचं ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि शामकांतकाका. काका तिचे सख्खे चुलते. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुतणीची गाडी चालवता चालवता आपणही गुप्तहेर झालो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

अश्विनीनं सांगितलं ते असं. तिचे वडील रंभाजी, म्हणजेच नाना, सुप्याजवळच्या वाडीत राहत. सोमवारी सकाळी गावाबाहेरच्या पाझर तलावात, काठालगत त्यांचं प्रेत सापडलं. डोक्याच्या मागे जखम होती, मोबाईल गायब होता. शनिवारी त्यांचं आणि पंकजचं, म्हणजे मुलाचं, लग्नावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ते साऱ्या वाडीनं ऐकलं होतं. रविवारी दिवसभर पंकज सुप्याच्या कारखान्यात कामावर होता. अंधार पडल्यावर मात्र तो घरी एकटाच होता.

"मग घटना दिवसा घडली असेल तर तो सुटलाच की," काका म्हणाले.

"तितंच तर अडलंय. रविवारी दिवेलागणीला नानांच्या मोबाईलवरून सुप्याच्या एका आरटीओ एजंटला फोन गेला. म्हंजे तवर ते जिवंत हुते."

"त्यांचं वैर कुणाशी?" अंबिकेनं विचारलं.

"बांधावरून आसारामशी. पण शनिवारी मला म्हनाले, 'सोमवारी ठाण्यात जायचंय. डोळ्यांनी बघितलंय ते सांगितल्याबिगर झोप येनार न्हाई.' काय बघितलं, ते बोलले न्हाईत. सोमवार त्यांना दिसलाच न्हाई."

सुप्याच्या फाट्यावर त्या एजंटचं, सहादेवचं, दुकान महिन्यापूर्वीच सुरू झालेलं. हायवेवर भली मोठी पाटी, त्यावर त्याचा नंबर.

"मी त्यांना कधी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "फोनवर म्हनाले, 'रंभाजी बोलतोय. गाडीचा ह्या वर्षाचा टॅक्स अंदाजे किती बसंल?' मागं लई कालवा हुता. मी म्हनलं, कोन्ती गाडी? तेवढ्यात फोन कट."

"अंदाज कसा काढता तुम्ही?"

"मालाची मोठी गाडी आसंल तर वजनावर, मान्सांची आसंल तर शिटांवर. घरच्या गाडीचं तसं न्हाई. तिचा टॅक्स घेतानाच, एकदाच."

"एवढं मलाही ठाऊक आहे," काका पुटपुटले. बाहेर आल्यावर त्यांनी निकालही देऊन टाकला. "अंबे, माणूस संध्याकाळी टॅक्सची चौकशी करतो, म्हणजे जिवंत आहे. बिचाऱ्या पोराचं काही खरं नाही."

तलावावर ते दोघंच होते. पाणी आटून काळं पडलेलं, काठाला वाळलेलं शेवाळ. कुठे पाखराचा आवाज नाही. काकांना तिथे उभं राहवेना. कुणीतरी पाठीमागे येऊन थांबलंय असं त्यांना सारखं वाटत होतं.

"इथे कसला आलाय फोनमागचा कालवा?" अंबिका म्हणाली आणि वाडीकडे वळली.

रंभाजींच्या अंगणात त्यांची जीप धूळ खात उभी होती, पांढऱ्या नंबरपाटीची, घरच्या वापराची. "दोन वर्सांमागं घेतली," अश्विनी म्हणाली. "टॅक्स एकदम भरावा लागला म्हनून नाना म्हैनाभर चिडचिड करीत हुते."

आसाराम त्याच्या गोठ्यात भेटला. घरी वाहन म्हणाल तर एक सायकल. "बांधाचं भांडान व्हतं, न्हाई म्हनत न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला. "पर रविवारी म्या तापानं फनफनलो हुतो. बायकूला इचारा."

शेजारचा बिभीषण स्वतःच सामोरा आला. त्याची सतरा सीटची, पिवळ्या नंबरपाटीची भाड्याची गाडी दाराशी उभी होती. पुढचा एक दिवा जुना पिवळट, दुसरा नवा कोरा.

"काय सांगू ताई, देवमानूस हुता," तो म्हणाला. "मी असतो तर असं होऊ दिलं नसतं. पर रविवारी दुपारीच वऱ्हाड घिऊन जामखेडला गेल्तो. रात्री उशिरा आलो."

अंबिकेनं दिव्याकडे पाहिलं. तिनं बाजूला जाऊन तपास करणाऱ्या फौजदारांना फोन लावला, हवी ती माहिती मागवली आणि सगळ्यांना रंभाजींच्या अंगणात बसवून घेतलं. थोड्या वेळानं फौजदारही आले.

"रंभाजी दोन वर्षांपूर्वी टॅक्सवरून महिनाभर चिडले होते," अंबिकेनं सुरुवात केली. "त्यांना पक्कं माहीत होतं की जीपचा टॅक्स एकदाच भरायचा असतो. मग ते 'ह्या वर्षाचा किती' असं विचारतील कशाला?"

"पण फोन तर त्यांच्याच मोबाईलवरून गेला ना?" काकांनी विचारलं.

"तो फोन रंभाजींनी केलाच नाही. ते दुपारीच गेले होते आणि मोबाईल खुन्यानं नेला होता. खुन्याला फक्त ते संध्याकाळपर्यंत जिवंत होते असं दाखवायचं होतं. म्हणून त्यानं असा एजंट निवडला, ज्यानं रंभाजींचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. विचारायला साधासुधा प्रश्न हवा होता. दर वर्षी स्वतःला जो विचारावा लागतो, तोच तोंडातून निघाला. आसारामकडे सायकल आहे. दर वर्षी टॅक्स भरणारा इथे एकच माणूस आहे."

बिभीषण हसला. "फोन काय कुनीबी करंल."

"खरंय. पण मागचा कालवा वऱ्हाडाचा होता. फौजदारसाहेब?"

"त्या फोनचा टॉवर जामखेडचा," फौजदार म्हणाले. "गेल्या महिन्यात ह्याच रस्त्यावर एक म्हातारी गाडीखाली गेली. गाडीवाला पळाला. जागेवर दिव्याच्या काचा सापडल्या होत्या."

"बिभीषणच्या गाडीचा एक दिवा नवा आहे. तो अपघात रंभाजींनी पाहिला होता," अंबिका म्हणाली. "आणि ठाण्यात जाण्याआधी, शेजारी म्हणून, भल्या मनानं त्यांनी बिभीषणला तसं सांगितलं असणार."

बिभीषणचं हसू विरलं. "म्हनाले, तू आपनहून कबूल कर," तो जमिनीकडे बघत बोलला. "सारखं तेच. तलावावर बी तेच."

हवालदारानं त्याचा दंड धरला. काकांनी चष्मा काढून पुसला. पंकज आता घरी येईल, हे कुणीतरी मोठ्यानं बोललं, पण अश्विनीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती शेजारच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीकडे एकटक पाहत होती.

"दवाखान्यातून नानांना घरी आनायला गाडी मिळंना," ती हळूच म्हणाली. "ह्यानं स्वतःची दिली. मधल्या शिटा काढून नानांना झोपवलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले हुते, आन् हा गाडी चालवत हुता. सारखा मागं वळून म्हनायचा, 'ताई, नीट धर. धक्का लागंल त्यांना.'"