बाळ येशूचा निळा झगा

भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात बाळ येशूची पाळी लागायची. हातभर उंचीची प्लास्टरची मूर्ती, रोज दुपारी पुढच्या खाटेवर जायची. आईने त्याचे कपडे नीटनेटके करायचे, त्याला पोराच्या कुशीत निजवायचं, पोराने त्याला ओठ टेकायचे. डॉक्टर आपल्या जागी, बाळ येशू आपल्या जागी. आठवडाभर वाट पाहून आज मिल्टनची पाळी आली होती, म्हणून त्याची आई तार्हेलिया हात पुसत शेजारच्या खाटेकडे मूर्ती आणायला गेली.

मिल्टन सात वर्षांचा. कान्यार प्रांताच्या डोंगरातल्या त्यांच्या गावी सणासाठी डुकराची चरबी कढत होती, आणि खेळता खेळता पोरगा कढईवर आदळला. मांडी सोलून निघाली. उद्या सकाळी तिथे नवी कातडी बसवायची होती. "जखम स्वच्छ आहे, तशीच राहायला हवी," डॉक्टर म्हणाले होते. "वॉर्डात एक जंतू फिरतोय. लोक दुकानातून दोन-दोन कॅप्सूल घेऊन गिळतात, बरं वाटलं की सोडतात, त्यातून असे कोडगे जंतू निपजतात. याला तर जवळजवळ कुठलंच औषध लागू पडत नाही. तो मांडीत शिरला तर पोरगा हाती लागायचा नाही."

तो येतो कुठून, हे मात्र कुणाला सापडत नव्हतं. खाटा धुतल्या, नळ बदलले, भिंती रंगवल्या, तरी दोन पोरं गेलीच. दोघंही बाळ येशूला कवटाळून गेली, म्हणून बायका म्हणायच्या, मरण तरी किती भाग्याचं!

"ने बाई, ने," शेजारची लुक्रेसिया म्हणाली. तिच्या लेकीला सकाळपासून ताप होता, पण बाईच्या तोंडाचा पट्टा शाबूत होता. "आणि त्याच्यावर लक्ष ठेव. कुणीतरी मेली रोज त्याचा झगा काढून मोरीत टाकते. देवाला उघडं पाडते! हात झडतील तिचे."

दुपारीच डोंगरावरून धुकं उतरलं. खिडक्या आधी पांढऱ्या झाल्या, मग करड्या. दिवे मिचमिचले आणि गेले. कण्हणारी पोरंसुद्धा गप्प झाली, नुसता मोरीतला नळ ठिबकत राहिला. तार्हेलियाने मूर्ती मिल्टनच्या पायाशी ठेवली, तिचा निळा लोकरी झगा सारखा केला आणि पेल्यात पाणी ओतायला वळली.

परत पाहते तर बाळ येशू उघडा. झगा मोरीच्या वाटेवर पडलेला.

"लुक्रेसिया, तू...?"

"मी इथून हललेसुद्धा नाही गं."

तिने झगा उचलला. त्याला चुलीच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता, डोंगरातल्या पोरांच्या अंगाला येतो तसा. इस्पितळात सगळीकडे फिनेलचा वास, त्यात हा कुठून आला? ती तो पुन्हा मूर्तीला घालू लागली, तेवढ्यात खालून कुणीतरी ओढला. हळूच. लहान मूल आईचा घागरा ओढतं, तेवढ्याच जोराने.

तार्हेलियाने खाली पाहिलं. झग्याच्या काठाला चार बोटं होती. निळसर, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिलेली.

"लुक्रेसिया... हा झगा कुणी शिवला?"

"नूबेच्या आईने. लेकीच्याच घागऱ्यातून. तुझ्या मिल्टनच्या खाटेवरच होती ती पोर, तो मेला ताप पहिल्यांदा तिलाच आला, त्यातच ती गेली. आई म्हणाली, लेकीचं एवढं तरी देवाच्या अंगावर राहू दे... का गं? तुझा आवाज असा का येतोय?"

तार्हेलिया वाकली. "घे बाळा," ती पुटपुटली. "तुझाच आहे. घे..."

बोटांनी घेतला नाही. ती झगा मिल्टनपासून लांब, आणखी लांब ढकलत राहिली.

"त्याला नको..." खाटेखालून आवाज आला, घसा कोरडा पडलेल्या पोरीचा. "फार दुखतं..."

भीती होतीच, पण तार्हेलियाला भीतीपेक्षा रडू जास्त आलं. एवढीशी पोर, मरूनही तिला निजता येईना. खाटांखाली बसून दुसऱ्यांची लेकरं राखत होती आणि वर बायकांच्या शिव्या खात होती. तार्हेलियाने झगा चिमटीत धरला, मूर्ती उचलली, मिल्टनच्या खाटेला लांबून वळसा घातला आणि दोन्ही वॉर्डाच्या सिस्टर एन्माच्या टेबलावर ठेवली. "हे तपासा," ती म्हणाली. "का, ते विचारू नका."

जंतू झग्याच्या शिवणीत निघाला. लोकरीत महिनोन्‌महिने जिवंत राहिला होता. झगा भट्टीत जाळला, बाळ येशूला काचेच्या कपाटात बसवलं. लुक्रेसियाच्या लेकीला एक जुनं, मूत्रपिंडं पोळणारं औषध दिलं आणि ती कशीबशी वाचली. मिल्टनची नवी कातडी धरली.

घरी निघायच्या दिवशी त्याने विचारलं, "आई, ती खाटेखालची मुलगी आता काय घालेल? तिचा तर जाळला ना?"

तार्हेलियाने निळ्या लोकरीचा नवा घागरा शिवला, उकळून वाळवला आणि खाटेच्या दांडीवर ठेवून आली.

काही महिन्यांनी ती मिल्टनला तपासायला घेऊन गेली. डॉक्टर खूश झाले. सिस्टर एन्माने मात्र तिला बाजूला घेतलं. "तुमचा तो घागरा आम्ही कपाटात कुलपात ठेवतो. तरी एखाद्या सकाळी कुठल्यातरी पोराच्या खाटेला लटकलेला दिसतो. ओला, साबणाने धुतलेला. मग आम्ही लगेच त्या पोराला तपासतो." तिने आवाज खाली आणला. "अजून एकदाही त्याचा इशारा चुकला नाही..."

तार्हेलिया छातीवर क्रूस काढत घरी आली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. दुपार कलली, धुकं अंगणात शिरलं, तशी ती वाळलेले कपडे काढायला गेली. मिल्टन पायरीवर बसून मांडी खाजवत होता, दोन दिवस खाजवतच होता. लोकरीची चड्डी टोचत असेल, असं ती समजली होती. दोरीवर त्याचे सदरे होते, खडखडीत वाळलेले.

दोन सदऱ्यांच्या मधे निळा घागरा होता. त्यातून पाणी गळत होतं.

तार्हेलिया पायरीकडे वळली. तिने मिल्टनच्या मांडीला हात लावला. मांडी तापली होती.

"कळलं गं बाळा," ती दोरीकडे पाहून म्हणाली, "निघाले मी." पोराला शालीत बांधून तिने पाठीवर घेतलं, कपडे तसेच सोडले आणि शहराची शेवटची गाडी गाठायला धावत सुटली.