अस्प्रोनीच्या चर्चमधली वात

ऱ्होड्सजवळच्या एका लहान बेटावर मिनास न्हाव्याच्या थोरल्या नातीचा बाप्तिस्मा ठरला, ते १९८४ साल. ऑगस्टअखेरचा रविवार धरला होता. अख्खं गाव जेवायला येणार म्हणून मिनासने म्हाताऱ्या निकितासला सांगून ठेवलं होतं, "काका, नवं मीठ लागेल. दर वर्षी महिनाअखेर जाता, यंदा जरा लवकर जा." निकितास हसून हो म्हणाला आणि पंधरा ऑगस्टचा देवमातेचा सण होताच दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन अस्प्रोनीच्या किनाऱ्यावर खडकांतलं मीठ गोळा करायला गेला.

तिथून तो परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

मंगळवारी सकाळी तो किनाऱ्यावरच्या छोट्या चर्चमध्ये मेलेला सापडला. डोकं मागून फुटलेलं. उन्हाळ्यात मढं थांबत नाही, त्याच संध्याकाळी माती झाली. तिथल्याच गुहेत उघडानागडा राहणाऱ्या एका जर्मन पोराला पोलिसांनी उचललं. शुक्रवारच्या बोटीने त्याला ऱ्होड्सच्या तुरुंगात पाठवणार होते.

बुधवारी निकितासची बायको एव्दोकिया पोलिक्सेनीच्या अंगणात येऊन बसली. पोलिक्सेनीने पिरेयस बंदरात वीस वर्षं खासगी तपासाचं ऑफिस चालवलं होतं आणि आता ती गावी परतून कोंबड्या पाळत होती. मिनास तिथेच कॉफी पीत होता.

"पोरी," एव्दोकिया म्हणाली, "कुणी मारलं ते पोलीस बघतील. मला एवढंच शोधून दे. मरताना तो एकटा होता का?"

"मावशी, त्यांच्याबरोबर काय काय दिलं होतंस?"

"पाव, चीज, ऑलिव्ह. दिव्याचं तेल. आणि वातींची डबी, दुकानातली, बुचावर तरंगणारी. नवी कोरी."

"पाच दिवस आले नाहीत, तर काळजी नाही वाटली?"

"मिठाला गेला की आठवडाभर यायचाच नाही." तिने डोक्याच्या रुमालाने तोंड पुसलं. "मी रोज त्याच्या वाटणीचं झाकून ठेवायची."

वारा पडला होता, म्हणून मिनासने आपली होडी काढली. अस्प्रोनीला दुसरी वाट म्हणजे घळीतून दोन तासांची उतरण. किनाऱ्यावर पांढरे गोटे, मागे जुनिपरची वाकडीतिकडी झाडं, आणि माणूस नावाला नाही. खडकांच्या खळग्यांत मीठ वाळलं होतं. एका ओल्या खडकाच्या पायथ्याशी वाळून काळा पडलेला रक्ताचा डाग होता.

"इथे पडले," पोलिक्सेनी म्हणाली. "आणि चर्च तिकडे, साठ पावलांवर."

"म्हणजे त्या नागड्या जर्मनाने ओढत नेऊन लपवलं!"

"ओढलं असतं तर टाचा खरचटल्या असत्या. मी काल अंघोळ घालताना तिथे होते. टाचा साफ होत्या. उचलून नेलंय."

चर्चमध्ये गारवा होता. जमिनीवर घडी केलेली टोपी उशीसारखी ठेवलेली, शेजारी पाण्याचा तांब्या, अर्धा रिकामा. संताच्या तसबिरीसमोरचा दिवा विझलेला होता. तळाशी पाणी, वर तेलाचा तवंगसुद्धा नाही. त्या पाण्यात एक वाळकं, छत्रीसारखं फूल जळून काळं झालं होतं.

"कचरा पडलाय," मिनास म्हणाला.

पोलिक्सेनीने ते फूल रुमालात ठेवलं. मग कोनाड्यातली वातींची डबी उघडली. भरलेली होती. एकही वात कमी नव्हती.

होडी खाली बांधून ते घळ चढून गेले. घळीच्या वरच्या तोंडाशी साकेलिस धनगराचा गोठा होता. छातीपर्यंत दाढी, तोंडात शिवी. शेळ्या किनाऱ्यावर नेण्यावरून त्याचं आणि निकितासचं दर वर्षी भांडण व्हायचं.

"म्हातारा खडूस होता," तो म्हणाला. "पण मारायचाच असता, तर वीस वर्षांपूर्वी मारला असता. तेव्हा हातपाय धड होते माझे."

"मढं दोन-तीन दिवसांचं होतं. शनिवार-रविवारी घळीतून कोण गेलं?"

"मी वरच्या रानात होतो. त्या जर्मनाला मात्र सोडा. मेलेला माणूस दिसला तर दोन तास रडत चढून आला माझ्याकडे. दरवाजा लावलेला होता, वास आला म्हणून उघडला, म्हणाला. डोळे मिटलेले, हात छातीवर."

"गोठ्यात दिवा कशाचा लावतोस?"

"बॅटरीचा. का, तुम्हाला हवाय?"

वरच्या गावाकडे चालताना मिनास कुरकुरला. "आता कोझमासकडे कशाला? सख्खा भाऊ असून तीस वर्षं निकितासशी बोलला नाही. कोझमास जहाजावर होता तेव्हा आई गेली, आणि निकितासने त्याची वाट न बघता अस्प्रोनीला पुरली, एवढ्यावरून. अस्प्रोनीला पाय ठेवणार नाही अशी शपथ आहे त्याची. आणि माझ्यावरही रुसलाय की काय कोण जाणे. पंचवीस वर्षं रोज सकाळी दाढीला येतो. शनिवारी करून गेला, रविवारी दुकान बंद. सोमवारी आला नाही, मंगळवारी सकाळीही नाही. मी पाणी तापवून बसलो."

पोलिक्सेनी थांबली. "मिनास, निकितास गेल्याचं गावात कधी कळलं?"

"मंगळवारी दुपारी. का?"

वाटेत तिने एव्दोकियाला बरोबर घेतलं.

शहात्तर वर्षांचा कोझमास ओट्यावर बसला होता. गालांवर पांढरे खुंट. आत तसबिरीसमोर दिवा तेवत होता, आणि तेलावर एक वाळकं फूल तरंगत होतं.

"ही फुलं कुठली, काका?"

"भिंतीच्या फटीत उगवतात ती. आई याच्याच वाती करायची. दुकानातल्या मला चालत नाहीत."

पोलिक्सेनीने रुमाल उघडून त्याच्यापुढे ठेवला.

"आता सांगते, मावशी," ती म्हणाली. "निकितासकाका खडकावर पडले, पण लगेच गेले नाहीत. मेलेल्याच्या डोक्याखाली कुणी उशी देत नाही, पाणी पाजत नाही. कुणीतरी त्यांना उचलून सावलीत नेलं आणि शेवटी डोळे मिटून हात जुळवले. पाण्यावर तेल ओतून दिवा लावला, ते जर्मनाला येत नाही, साकेलिसला जमलं तरी तो लावत नाही. कोनाड्यात वाती होत्या, पण या माणसाने खिशातली काढली. अशी वात आता एकाच घरात जळते."

"फूल कुणीही तोडेल," मिनास पुटपुटला.

"तोडेल. पण घरात मयत झाली की आपले पुरुष चाळीस दिवस दाढी करत नाहीत. बातमी आली मंगळवारी दुपारी. कोझमासकाकांनी सोमवारीच वस्तरा टाकला होता. तूच सांगितलंस, मिनास. भाऊ गेला हे त्यांना आधीच ठाऊक होतं."

कोझमासने रुमालातलं फूल उचललं. "अठरा तारखेला आईचं वर्ष असतं," तो म्हणाला. "शपथ लोकांसाठी. दर वर्षी मी चोरून जातो. तो तेव्हा तिथे नसतो. यंदा होता."

मिनास ओट्याच्या कडेला खाली बसला.

"मला बघून तो खडकावरून उतरायला लागला. 'दादा' म्हणाला आणि हात पुढे केला. मी झटकला. ढकललं नाही, एव्दोकिया. झटकला. त्याचा पाय घसरला."

"पुढे," एव्दोकिया म्हणाली.

"दोन तास होता. मांडीवर डोकं घेऊन बसलो. पाणी मागितलं. मग म्हणाला, मीठ आडोशाला ठेव, दव पडेल. मी ठेवतो म्हणालो. मग बोलला नाही." त्याने खुंटांवरून हात फिरवला. "तीस वर्षांचं वैर सगळ्यांना माहीत. कोण विश्वास ठेवणार? वाटलं, रविवारी कुणीतरी जाईल, सापडेल. कुणी गेलंच नाही. मग त्या पोराला धरलं, तरी माझी जीभ हलेना."

एव्दोकिया उठली. मिनासला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार. ती दिव्यापाशी गेली, क्रुसाची खूण केली, तशीच वळली.

"तीन दिवस त्याला तसा ठेवलात, भावोजी. ते मी विसरणार नाही. पण एकटा नव्हता. चला, उठा. पोलिसांकडे मी येते. तुम्ही एकटे जाऊ नका."

दोघं उतारावरून पुढे गेली, ती पुढे, तो चार पावलं मागे. मिनास ओट्यावरच बसून राहिला. "मी त्यांना लवकर जा म्हणालो होतो," तो पोलिक्सेनीला म्हणाला. ती त्याच्या शेजारी बसली.

जर्मनाला गुरुवारी सोडलं. कोझमासवर खटला चालला, आणि एव्दोकियाने त्याच्या बाजूने साक्ष दिली.

निकितास शनिवारी, १८ ऑगस्ट १९८४ रोजी दुपारी अस्प्रोनीला वारला. कोझमास निकाल लागायच्या आधीच, १९८५च्या फेब्रुवारीत, ऱ्होड्सच्या इस्पितळात वारला. त्याच्या उशाशी एव्दोकिया होती.