लाथ न मारणारी रायफल

रानडुक्कर पडलं असतं तरी नझीरला त्यातला तुकडाही नको होता. मांस वाडीचं, सुळे वाडीतल्या काशीरामचे आणि नझीरला काशीरामच्या बायकोचा, राहीबाईचा, काळा बोकड, बकरी ईदसाठी. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या त्या वाडीला सौदा स्वस्तातच पडत होता. डुकरांचा कळप रोज रात्री नाचणीत नांगर धरत होता. असंच चाललं असतं तर वर्षाची भाकरी मातीत जाणार होती. वनखात्याची परवानगी निघाली होती. महाडला घरची रायफल असलेला ओळखीचा माणूस एकच, ट्रकवाला नझीर.

पण याच नझीरला आधी बंदुकीच्या लाथेची, गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या दणक्याची, भीती वाटे. कुवेतला गाडी उलटून त्याचा उजवा खांदा मोडला होता. परत आल्यावर वडिलांची जुनी बंदूक हौसेनं एकदा झाडली आणि आठवडाभर तो डाव्या हातानं जेवला. मग त्याचा मेहुणा अर्शद त्याला मुंबईच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथे नझीरनं एकेक रायफल खांद्याला लावून पाहिली, लग्नाची मुलगी पाहावी तशी. दुकानदार माणूस ओळखून होता.

"ही घ्या, शेट. बंदूक वजनाला जड, काडतूस हलकं. लाथ मारणार नाही. आणि कधी मोठं काम निघालं, तर ही दुसरी जाड नळी. घरी बसून बदलता येते."

"म्हणजे एका भाड्यात दोन खेपा," अर्शद म्हणाला. नझीरला पटायला एवढं पुरे होतं. परवान्यावर दोन्ही नळ्या चढल्या आणि रायफल महाडला आली.

घरी तिचा संसारच मांडला गेला. पाहुणा आला की नझीर सतरंजी पसरी, एक नळी काढी, दुसरी बसवी. प्रत्येक नळीचा काडतुसांचा पट्टा वेगळा. नळी बदलली की खुंटीवरचा पट्टाही बदलायचा, असा त्याचा नेम.

"अहो, पाहुण्याला चहा देतात," त्याची बायको नूरजहाँ म्हणे, "बंदुकीचं बाळंतपण नाही दाखवत."

निघायच्या आदल्या संध्याकाळी बिरवाडीचे मामा आले. त्यांना जाड नळीच पाहायची होती. नझीरनं नळी बदलली, पट्टा बदलला, वाहवा घेतली. मामा गेले, खांद्याची आठवण झाली, आणि त्यानं हलकी नळी पुन्हा बसवली. पहाटे खुंटीवरचं सगळं उचललं आणि पोलादपूरची वाट धरली.

चढ उभा होता. कारवीच्या दाटीतून, दवानं ओल्या कातळांवर हात टेकत काशीराम पुढे आणि धापा टाकत नझीर मागे. माथ्याखाली वाघजाईचं ठाणं होतं. तिथे शिकारीची बंदूक रिकामी ठेवायची, नारळ फोडायचा आणि जागेवर जाऊन बसेपर्यंत गोळी घालायची नाही, ही वाडीची रीत. नझीरनं ती मनापासून पाळली. तो कुणाच्याही देवाशी वाकड्यात जात नसे. धंद्यात ते परवडत नाही.

खाली सुका ओढा एका अरुंद घळीत शिरत होता. नझीर वरच्या ठेंगण्या कड्यावर बसला. काशीराम कुऱ्हाड घेऊन घळीच्या तोंडाशी उभा राहिला. पलीकडच्या रानात वाडीची माणसं हाका घालू लागली. पत्र्याचे डबे वाजले, कुत्री भुंकली.

नझीरनं काडतूस घातलं आणि नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट मिटेना. दुसरं घातलं. तेही अडलं. त्यानं पट्ट्याकडे पाहिलं आणि त्याला बिरवाडीचे मामा आठवले. पट्टा जाड नळीचा होता!

आता दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, कळप निघून जाऊ द्यायचा आणि नेम धरायला मिळालाच नाही म्हणून सांगायचं. नाहीतर ओरडायचं आणि सगळ्या वाडीत हसं करून घ्यायचं. तेवढ्यात कारवी फाटली. सुळेवाला नर सरळ काशीरामच्या अंगावर!

"काशीराम, पळ! गोळी नाय!"

काशीराम वळला. पाय दगडांत अडकला. तो पडला, कुऱ्हाड सुटली. नझीरनं उडी टाकली. रायफल नळीला धरून फिरवली. दस्ता डुकराच्या मुस्काटावर फुटला. डुकरानं त्याला उचलून कातळावर आपटलं. खांदा मोडल्याचा आवाज त्यानं ओळखला. या वेळी डावा होता. नर तसाच ओढा ओलांडून पलीकडच्या डोंगराला लागला. मागून अख्खा कळप गेला.

 काशीराम उठून बसला, आपले हातपाय चाचपले, मग पट्टा उचलून पाहिला.

"म्हंजे शेट, लगीन थोरलीशी नि चोळी धाकटीच्या मापाची."

"हसू नको रे. हसलास की मलाही हसू येतं, नि दुखतं."

त्याला डोलीत घालून वाडीवर आणलं. राहीबाईनं नवऱ्याला नीट न्याहाळलं, मग काळ्या बोकडाचं दावं सोडलं.

"मावशी, डुक्कर मेलं नाय," नझीर म्हणाला.

"माझा दादला बी नाय मेला. घिऊन जा."

कळप त्या हंगामात परतला नाही. पलीकडच्या डोंगरावरच्या गावानं त्याबद्दल काय म्हटलं, ते वाडीनं कधी विचारलं नाही. नाचणी घरात आली. काशीराम थोडा लंगडत का होईना, चालत राहिला. नझीरचा डावा खांदाही उजव्यासारखाच पाऊस सांगू लागला, पण ज्या रायफलीनं एकदाही लाथ मारली नाही तिचं कौतुक त्यानं सोडलं नाही. पाहुण्यांना फुटका दस्ता दाखवी. म्हणजे ज्यांनी ज्यांनी सौदा केला, त्यांना काही ना काही मिळालंच. पुरती किंमत मोजली ती काळ्या बोकडानं. नाचणीत त्यानंही कधीमधी तोंड घातलं होतं म्हणतात, पण डुकराइतकं नाही.