गालाजवळचा श्वास

पपनसाची फुलं घेऊन सायकलवाली बाई दारात आली, तेव्हा मिएननं नेहमीसारखे दोन वाटे केले. एक वरच्या मजल्यावर पूर्वजांपुढे ठेवायला, दुसरा अत्तराच्या खोलीत न्यायला. पौर्णिमा होती. घाईत हात चुकला आणि पूर्वजांच्या वाट्याची फुलं तिनं आधी स्वतःच हुंगली. पुढं ठेवायचं ते हुंगायचं नाही, हे हनोईत पोरासोरांनाही ठाऊक असतं. आजी काय रागावणार, असं मनाशी म्हणत तिनं तीच फुलं आजीच्या फोटोपुढे मांडली, उदबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी उठली, तर कशालाच वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, सर्दीनं होतं असं, वाट पाहा. वाट कशी पाहणार? त्या उंच, चिंचोळ्या घरात मिएन आणि तिची चुलतबहीण क्वेन यांनी अत्तरं करायला घेतली होती. जुना अगरू, कमळ, पपनस आणि त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेत घडवलेला ओल्या सिमेंटचा वास. वजनं क्वेन करी, गिऱ्हाइकं तीच सांभाळी. नाक मात्र मिएनचं एकटीचं. वसंतातलं नवं अत्तर अर्धवट पडलं होतं. ते झालं नाही तर खालचं दुकान कॉफीवाल्याला देऊन पाटी उतरवायची, हे दोघींना कळत होतं.

"ताई, मी हुंगून सांगते की," क्वेन म्हणाली.

"तू? तुझ्या नाकाला आंबवलेल्या माशाचा रस आणि गुलाबपाणी सारखंच."

क्वेन हसली. मिएनला हसू आलं नाही.

हवा अशी दमट की भिंतींना घाम फुटे, फरशी कितीही पुसा, ओलीच. दुपारी एकटी बसून मिएननं निव्वळ सवयीनं कागदाच्या पट्टीवर मिश्रण घेतलं, नाकाशी धरलं. काही नाही. तिनं अगरूचा एक थेंब वाढवला.

तिच्या डाव्या गालाजवळ कोणीतरी श्वास आत घेतला. सावकाश, लांब.

तिनं वळून पाहिलं. ओली भिंत. बंद खिडकी.

सिमेंटचा वास वाढवून पाहिला, काहीच झालं नाही. पपनस घातलं आणि पुन्हा तो श्वास, आता आणखी जवळ. कानामागची बट हलली. फुंकरीनं हलते तशी नव्हे, कोणी ओढून घ्यावी तशी.

त्यांच्या बोलीत सुवासिकाला आणि पापा घेण्याला शब्द एकच, थम. आजीच्या तोंडात सदा विडा, ती ओठ टेकवत नसे. नातीच्या गालाशी नाक लावून तिला खोल हुंगून घ्यायची. नेहमी डाव्या गालाशी.

मिएन उठली नाही. "चुकलं माझं," एवढंच पुटपुटली आणि पुढचा थेंब मोजला.

मग रोज दुपारी तेच. थेंब चुकला की शांतता, जमला की गालाशी श्वास. क्वेनला तिनं काही सांगितलं नाही. एकच गोष्ट तिला खटके. तो श्वास नुसता आत जाई. बाहेर कधी सुटला नाही.

अमावस्या सरली, नव्या महिन्याची पहिली तिथी आली. अत्तर तयार होतं. मिएननं ते न हुंगता वर नेलं, आजीपुढे ठेवलं आणि उदबत्ती विझेपर्यंत झाकण उघडायचं नाही म्हणून बजावलं.

"तुला वास येत नाही, म्हणून मलाही उपास होय?" क्वेन कुरकुरली, पण थांबली.

उदबत्तीची राख वाकली. पडली.

क्वेननं पट्टी हुंगली आणि तिथंच फरशीवर बसली. "आजीची उशी गं, ताई," ती हळूच म्हणाली. "आणि तरी काहीतरी अगदी नवं."

मिएननं पट्टी नाकाशी धरली. काही नाही. तिचे डोळे भरून आले.

तेव्हा गालाजवळ तो श्वास सुटला.

उबदार, ओलसर.

त्यात वास होता. विड्याचं पान, चुना, कच्ची सुपारी. त्यामागून हळूहळू उदबत्ती आली, ओली भिंत आली, पपनस आलं.

क्वेननं मान वर केली. "ताई, तू विडा कधीपासून खायला लागलीस?"

मिएननं नुसता डावा गाल किंचित खाली केला, कमरेत वाकलेल्या माणसाला पोचेल इतका.