शेजारच्या सीटची काच

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी गॅरेजवाला माणूस आहे. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलोय. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या वर्षीचा जुलै. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, तेव्हा ऐन थंडी. सकाळचे सात वाजले होते. राएतिही गावात एरेना आत्याच्या घरासमोर, तिच्या गाडीपाशी मी उभा होतो.

सगळ्या काचा स्वच्छ होत्या.

फक्त ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटची काच... आतून पांढरी.

"बघ. आजपण," आत्या म्हणाली.

"आत्या, ओल आहे ती. दुसरं काही नाही."

"महिनाभर हेच ऐकतेय, रावीरी. म्हणे मोठा मेकॅनिक."

टोमणा बरोबर बसला. महिनाभरात माझं सगळं करून झालं होतं. पायाखालच्या चटया काढून वाळवल्या. दारांची रबरं बदलली. हवेचा फिल्टर नवा टाकला. आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवून हीटरबरोबर एसी लावायला आत्याला शिकवलं, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो. मांजराच्या ट्रेमध्ये टाकतात ती कोरी वाळू मोज्यात भरून डॅशबोर्डवर ठेवली. तीही ओल शोषते. गळती तर कुठेच सापडली नाही.

तरी रोज सकाळी तीच एक काच.

बंद गाडीत काचेवर धरते ती वाफ बहुतेक वेळा श्वासाची असते. गिऱ्हाइकांना हे मीच सांगतो. आत्याला मात्र सांगितलं नव्हतं.

सांगायची गरजही नव्हती म्हणा.

त्याच्या वर्षभर आधी तिचा नवरा, पाओरा काका, न्यूमोनियाने इस्पितळात होता. बरा झाला होता. त्या सकाळी घरी सोडणार होते. "काचा साफ करून गाडी दाराशी आणते, तू थांब," असं सांगून आत्या खाली गेली. काचा काही केल्या साफ होईनात. पुसल्या की पुन्हा पांढऱ्या. वीस मिनिटं गेली.

ती वर आली तेव्हा काका गेला होता. एकटाच.

आमच्यात कुणाला असं एकटं जाऊ देत नाहीत. गेल्यावरही माती देईपर्यंत कुणी ना कुणी उशाशी बसून असतं. आत्याने ते फार मनाला लावून घेतलं. धड झोपत नव्हती.

"मीच सांगितलं ना त्याला, थांब म्हणून," ती म्हणायची. "तो अजून थांबलाय रे."

त्या जुलैतल्या दिवशी, वर्ष झालं म्हणून, काकाच्या थडग्यावरच्या नव्या दगडावरचं कापड काढायचा विधी होता. काकाचा फोटो आम्ही आत्याच्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर बसवला. पट्टा लावला. आत्या मागे बसली.

पारापारा रस्त्याच्या वळणांवर पाऊस लागला. हीटर, एसी, पंखा, सगळं जोरात. समोरची काच लख्ख होती.

आणि फोटोशेजारच्या काचेवर एक पांढरा डाग उमटला.

तो मोठा झाला... मग लहान झाला... पुन्हा मोठा झाला.

मी पंखा बंद केला. कशाला केला देव जाणे.

आणि ऐकू आलं... जड श्वास. मग काहीच नाही. मग पुन्हा... जड श्वास. डाग त्याच्याच तालावर वाढत होता, आटत होता.

"पंखा लाव," मागून आत्या शांतपणे म्हणाली. "त्याला गारठा सोसत नाही."

मी लावला. पुन्हा त्या काचेकडे पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू.

दफनभूमीत पाऊस नुसता कोसळत होता. आत्याने दगडावर हात ठेवला. "काचा साफ झाल्या रे," ती म्हणाली. "आता थांबू नकोस." मग खूप रडली.

बाहेर पडताना फाटकाजवळच्या नळावर हात धुवायचे असतात. आतलं कुणी आपल्यामागे येऊ नये म्हणून. आत्याने धुतले. मी फोटो जॅकेटखाली धरून पळालो. हात पावसाने निथळतच होते. आणखी काय धुवायचे, असं वाटलं मला.

परत येताना ती काच साफ राहिली. घरी उतरल्यावर आत्याने तिच्यावर बोट फिरवून पाहिलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली. वर्षभरानंतर मी तिला हसताना पाहिलं.

मी माझ्या गाडीने वांगानुईला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो. माझी गाडी तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, कोरी, आत ओलीचा थेंब नाही. सगळ्या काचा स्वच्छ होत्या.

शेजारच्या सीटची सोडून...

दोनदा त्या फाटकापर्यंत जाऊन आलो. नळ सोडला, हात पुढे केले आणि मागे घेतले. मी धुतले आणि तो पुन्हा आत्याच्या गाडीत जाऊन बसला तर? ती आता रात्रभर झोपते.

दर रविवारी तिचा फोन येतो. "काय मेकॅनिक, काचा साफ आहेत ना?"

"एकदम साफ," मी सांगतो.

पंखा मात्र मी बंद करत नाही. आज सकाळीही शेजारच्या सीटचा पट्टा लावला, मगच गाडी काढली.