डावा पुढचा पाय

शर्यतीआधी घोड्याचे पाय हाताने चाचपायचे, ही माझी खोड. गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात सावकाश खाली न्यायचा. कुठे ऊब लागली तर आत काहीतरी दुखावलंय, असं समजायचं. आमचे ट्रेनर डॉक्टरपेक्षा माझ्या हातावर जास्त भरवसा ठेवायचे. चांगले घोडे मात्र पुरुष जॉकींना, आणि अडेल, चावरे तेवढे माझ्या गळ्यात! त्यामुळे हंगामातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीला तांबडी घोडी माझ्याकडे आली, तेव्हा मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होते. ती जिंकणार, असं तिच्यावर जळणारेही म्हणत होते.

मी घोड्यांची चित्रंही काढते. पागेच्या माडीवर माझी खोली आहे, तिथे गवताचा आणि टर्पेंटाइनचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. तांबडीचं चित्र शर्यतीच्या आदल्या दुपारी पुरं झालं. पायांवरचा रंग कधीच वाळला होता. तिथे ब्रशचा एक केस चिकटलेला दिसला, म्हणून मी नख लावलं.

बोटाला ऊब लागली.

खोलीची खिडकी उत्तरेकडे, ऊन कधी आत येत नाही. मी बाकीचे पाय चाचपले, पोट, मान, मागचं आभाळसुद्धा. सगळं गार. फक्त डावा पुढचा पाय, गुडघ्याखाली, गरम होता.

मी धावत खाली गेले. तांबडीला शिंगरू असल्यापासून सांभाळणारे मोतद्दार काका तिला खरारा करत होते. मी तिचा पाय चाचपला. गार होता.

"काका, जरा तुम्ही बघता?"

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "काही नाही हो, ताई. पण तुमच्या मनात येत असेल तर साहेबांना सांगा. राहील घोडी घरी. तिला कुठे चषक डोक्यावर घेऊन नाचायचंय?"

मी हसले. वर येऊन चित्राला पुन्हा हात लावला. आता पाय चांगलाच तापला होता, आणि बोटांखाली काहीतरी ठणकत होतं.

संध्याकाळी ट्रेनर आले. "काय म्हणतो तुझा हात?"

चित्राला ताप आलाय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. नुसतं 'मला शंका वाटते' म्हटलं असतं, तरी त्यांनी घोडी मागे घेतली असती. मला ती शर्यत हवी होती.

"एकदम ठणठणीत," मी म्हणाले.

शेवटच्या वळणावर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मी चाबूक उगारलाही नव्हता. तीच जीव तोडून पळत होती. मग खालून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

मी गवतावर फेकले गेले. अंगावर साधा ओरखडा नाही.

असा पाय मोडलेल्या घोड्याला जगवत नाहीत. तिच्याभोवती हिरवा पडदा लावला. काका आत गेले, आणि रिकामा लगाम घेऊन बाहेर आले.

"रडू नका, ताई," तेच मला म्हणाले. "तुमच्या हाताला कळलं नाही, तिथं कुणाला कळणार?"

मी माडीवर गेले. फडकं गार पाण्यात भिजवून पिळलं आणि चित्रासमोर गुडघे टेकले.

"चुकलं गं माझं," मी म्हणाले, आणि हात पुढे केला.

तिने पाय मागे घेतला.